कोंड्यातील जीव

धान्याला कीड लागली की आपण ते उन्हात घालतो, पाखडतो आणि त्या हत्येचा पुढे विचारही करीत नाही. मात्र अशीच कीड कोणी मुद्दाम डब्यात पाळतो, खाऊपिऊ घालून वाढवतो आणि मग पाखरापुढे टाकतो, असे कळले की मन अडखळते. जीव तितकाच लहान, मरणही तेच. मग मन अडखळते ते कशाने?

ही पाळणूक अवघड नाही. तेनेब्रिओ मोलिटर नावाच्या काळसर भुंगेऱ्याच्या पिवळट अळ्या पसरट डब्यात गव्हाच्या कोंड्यावर वाढतात. ओलाव्यासाठी गाजराची वा बटाट्याची फोड पुरते. मादी काहीशे अंडी घालते. अळी वारंवार कात टाकीत सुमारे अडीच सेंटिमीटर लांब होते, मग कोषावस्था, मग भुंगेरा. शोभेचे मासे, पिंजऱ्यातील परदेशी पाखरे, जखमी पक्षी यांना हे पौष्टिक खाद्य. युरोपीय संघाने तर २०२१ मध्ये या वाळवलेल्या अळ्या माणसाच्या आहारासाठीही मान्य केल्या.

गृहस्थाश्रमातील ही अडचण आपल्या धर्मशास्त्राला ठाऊक होती. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाची पाच वधस्थाने मनुस्मृतीने सांगितली आणि त्यांच्या दोषनिवारणार्थ पंचमहायज्ञ नेमून दिले. नकळत घडणारी हिंसाही हिशेबात धरली. गुजरातेतील जैनांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. तेथील काही पांजरपोळांत ‘जीवातखाना’ असे. घरोघरची कीड तेथे आणून सोडीत आणि धान्य देऊन तिला नैसर्गिक मरण येईपर्यंत राहू देत. तेथेही कीड धान्यावरच जगे. डब्यातल्या पाळणुकीहून वेगळा होता तो केवळ हेतू. मन अडखळते ते या हेतूपाशी.

पाळणारा म्हणेल, या अळ्या माझ्यामुळेच जन्मल्या, सुखाने वाढल्या. आणि रानात तरी पाखरांनी कीटक टिपलेच असते. यातील पहिला युक्तिवाद टिकत नाही. जन्मास कारण झाल्याने प्राण घेण्याचा हक्क मिळत असता, तर तो प्रत्येक आईबापाला मिळाला असता. दुसऱ्यात तथ्य आहे. पण तो मान्य करताच प्रश्न अळीपासून पाखराकडे सरकतो. पंख दुखावलेले पाखरू बरे करून सोडायचे असेल, तर त्याची भूक आपण निर्माण केलेली नसते. निसर्गाच्या व्यवहारात आपण चार दिवस मध्यस्थ होतो, इतकेच. तेच पाखरू केवळ हौसेखातर पिंजऱ्यात असेल, तर अळीचे मरण हे त्या हौसेचे मोल ठरते. हौस आपली आणि मोल दुसऱ्याने चुकते करायचे, हा व्यवहार न्यायाचा म्हणता येणार नाही.

अळीला वेदना होते का, याचा निर्णय विज्ञानाने अद्याप दिलेला नाही. तथापि संशयाचा फायदा बलवानाने स्वतःकडे घेऊ नये. ज्याला या अळ्या पाळणे भागच आहे, त्याने त्या लागतील तेवढ्याच पाळाव्यात. ओलावा कमी पडला की त्या एकमेकींना व कोषांना खाऊ लागतात, म्हणून डब्याकडे रोज लक्ष द्यावे. शिल्लक अळ्या धान्याच्या कोठारापाशी टाकून दुसऱ्याचे नुकसान करू नये. आणि चिमट्यात अळी उचलताना मन क्षणभर अडखळले, तर ते दुबळेपण समजून झटकू नये. पंचमहायज्ञांमागची जाणीव याहून वेगळी नसावी.