दूरदर्शनचा रंग आणि दूरदर्शनची तिजोरी

एप्रिल 2024 मध्ये डीडी न्यूजचे लाल बोधचिन्ह भगवे झाले आणि ऐन निवडणुकीत त्या रंगावरून रण माजले. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांनी जाहीर टीका केली. तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी रंग नारिंगी असल्याचा खुलासा केला. वाद तिथेच विरला. एवढ्या मोठ्या संस्थेबद्दल आपण रंगापलीकडे बोलू शकलो नाही, याची मला खंत वाटते.

आणीबाणीतली आकाशवाणी, 1977 मध्ये जयप्रकाश नारायणांच्या सभेच्या वेळी दूरदर्शनने दाखवलेला 'बॉबी' चित्रपट, 2014 मध्ये नागपुराहून थेट प्रक्षेपित झालेले सरसंघचालकांचे विजयादशमीचे भाषण... सत्ताधाऱ्यांच्या हस्तक्षेपाची ही उजळणी नवी नाही. 'त्यांनीही तेच केले होते' या बचावाला तर उत्तर देण्याचीही गरज नाही.

मला घातक वाटते ते दुसरेच मत, कारण ते शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडी आहे : शेकडो खासगी वाहिन्या असताना हा पांढरा हत्ती पोसायचा कशाला? कुणी बघत नाही, विकून टाका. कुणी बघत नाही? मग दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या मोफत उपग्रह सेवेवर जागा मिळावी म्हणून खासगी वाहिन्याच लिलावात कोट्यवधी रुपये का मोजतात? एकदा छपरावर छत्री बसवली की दरमहा पैसे भरावे लागत नाहीत, म्हणून ज्या घरांत ती पोहोचली, ती घरे या मंडळींच्या हिशेबात नाहीत. बाजार विविधता देतो, हेही अर्धेच खरे. बाजार जाहिरातदाराला हवा तो प्रेक्षक शोधतो. कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला वाऱ्याचा इशारा देणाऱ्या आकाशवाणीच्या निवेदनाला प्रायोजक कुठून मिळणार? 'आमची माती, आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम कुठल्या खासगी वाहिनीने इतकी वर्षे चालवला असता? प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्या निकालाने सरकारची मक्तेदारी नाकारली, पण लहरी धनिकांच्या हवाली करा असेही म्हटले नाही. विक्रीवाले त्यातले पहिलेच वाक्य वाचतात.

टीकाकारांचीही गल्लत होते. ते हस्तक्षेप मोजतात, परावलंबन मोजत नाहीत. हस्तक्षेप दिसतो, त्याची बातमी होते. परावलंबन व्यवस्थेत मुरलेले असते आणि त्याला बातमीमूल्य नसते. 2018 च्या सुरुवातीला माहिती व प्रसारण मंत्रालयाने वेतनाचा निधी अडवल्याचे प्रसार भारतीचे तेव्हाचे अध्यक्ष ए. सूर्यप्रकाश यांनीच जाहीरपणे सांगितले. मंत्रालयाने ते नाकारले. खरे कुणाचेही असो, पगारासाठी ज्याच्या दाराशी उभे राहायचे, त्याच्याविषयीची बातमी लिहिताना हात आखडतोच. त्यासाठी वृत्तकक्षात कुणाचा फोन यावा लागत नाही. सरकारी पैसा मुळातच वाईट, असे मी म्हणत नाही. तो कोण सोडतो आणि त्याचा जाब कोणाला द्यायचा, एवढाच माझा प्रश्न आहे.

जाब कोणाला द्यायचा, याचे उत्तर 1990 च्या प्रसार भारती कायद्यात लिहिलेले आहे. कलम 13 नुसार लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7 अशा 22 खासदारांच्या समितीने या संस्थेवर देखरेख ठेवायची आहे. ही समिती स्थापन करा, असे प्रसार भारतीच्या कामाचा आढावा घेणाऱ्या सॅम पित्रोदा समितीनेही 2014 मध्ये सुचवले. पुढच्या वेळी बोधचिन्हाच्या रंगावरून वाद पेटला, तर आपल्या खासदाराला एवढेच विचारा : कलम 13 ची समिती कुठे आहे?