डावी कड

मिल्टनमध्ये एक मुलगा होता. डाग दिसला की तो पुसून टाकायचा.

हे मिल्टन म्हणजे कॅनडातलं, टोरांटोच्या पश्चिमेला 401 हायवेला लागून असलेलं. 2001 साली इथे 31,471 माणसं राहत होती, 2021 च्या जनगणनेत ती 1,32,979 झाली. म्हणजे गावातली बहुतेक घरं या मुलापेक्षा फार वडील नाहीत. भिंतीला पोपडा नाही, उंबरा झिजलेला नाही. अशा घरात वाढलेल्या पोराला जुनेपणा हा दुरुस्त करायचा बिघाडच वाटणार.

मुलगा बारावीत होता आणि मराठी मंडळींत 'फोटोवाला' म्हणून प्रसिद्ध होता. गणपतीच्या फोटोंत फ्लॅशमुळे लाल झालेले डोळे काळे कर, बारशाच्या फोटोत मागे दिसणारी कचऱ्याची पेटी नाहीशी कर, अशी कामं त्याच्याकडे येत आणि तो ती हसत करून देई. फोटोशॉपचे दर महिन्याचे पैसे कोण भरणार, म्हणून तो गिम्प वापरत असे. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेली ही प्रणाली 1996 पासून फुकट मिळते. घरगुती कामाला लागणारं जवळजवळ सगळं तिच्यात आहे.

त्याचे आजोबा, म्हणजे आप्पा, वाईहून सुपर व्हिसावर आले होते. मराठी विश्वकोशाच्या छपाईत मुद्रितशोधक म्हणून त्यांची हयात गेली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक असताना 1976 साली पहिला खंड निघाला, तेव्हा आप्पा सव्वीस वर्षांचे होते. जन्म 1950 चा. त्यामुळे 2025 साली त्यांची पंचाहत्तरी मिल्टनलाच करायचं ठरलं. हॉल घेतला, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं ठरलं, आणि हॉलच्या दाराशी आप्पांचा एक जुना फोटो मोठा करून लावावा असं सुनेच्या मनात आलं.

फोटो होता 1958 चा, आप्पांच्या मुंजीतला. मातृभोजनाची वेळ. पाटावर आई, तिच्या ताटात जेवणारा आठ वर्षांचा बटू, भोवती मुलं. हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांचा. सहा दशकं एका जुन्या पंचांगात दडपून राहिल्याने पिवळा पडलेला, मधोमध घडी, डाव्या कडेला ओलीचा तपकिरी डाग.

मुलाने एका संध्याकाळी काम उरकलं. 300 डीपीआयवर स्कॅन केलं आणि जेपीईजी फाइल घेतली. फोटो किंचित कलता होता, तो फिरवून सरळ केला. पिवळेपणा काढून काळा-पांढरा केला. 'लेव्हल्स'च्या दोन टोकांचे काटे आत ओढले, त्याबरोबर करडा फोटो उठावदार झाला. 'हील' ब्रशने घडीची रेघ बुजवली. डाव्या कडेला तपकिरी डागाच्या आत एक काळा धब्बा होता. त्यावर 'क्लोन'ने शेजारची भिंत उचलून टेकवली. तरी कडेला थोडा काळोख उरलाच, तो 'क्रॉप'ने कापला. मग दाणेदारपणा घालवणारं फिल्टर फिरवलं, सगळ्यांचे गाल गुळगुळीत झाले, ते फार मऊ दिसायला लागले म्हणून वरून 'शार्पन' मारलं. प्रत्येक पायरीनंतर फाइल त्याच नावाने सेव्ह केली. जेपीईजी दर वेळी सेव्ह करताना थोडा तपशील टाकून देतं, हे त्याला माहीत होतं. पण टाकलेल्यात काय जाणार, अशी त्याची समजूत होती.

आईबाबा खूश झाले. आजी म्हणाली, "अगं बाई, काल काढल्यासारखा दिसतोय!"

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, लॅपटॉपला नाक लावलं, आणि म्हणाले, "झकास. पण माई कुठे गेली?"

"कोण माई?" मुलाने विचारलं.

तो आईकडे बघायला लागला, आई बाबांकडे. बाबांनाही सांगता येईना. आजीने एवढंच सांगितलं की आप्पांची माईआत्या म्हणून कुणी होती, आजीच्या लग्नाआधीच गेली.

मग आप्पांनी सांगितलं. माईआत्या त्यांच्या वडिलांची थोरली बहीण, बालविधवा. आप्पांच्या आईची एकामागून एक बाळंतपणं आणि आजारपणं. आप्पांना न्हाऊ-माखू घालण्यापासून रामरक्षा शिकवण्यापर्यंत सगळं माईआत्याने केलं. मुंजीचा सगळा सोवळ्यातला स्वयंपाक तिचाच होता. पण मातृभोजनाच्या मंगल प्रसंगी तिने समोर यायचं नाही, असा तेव्हाचा रिवाज. ती माजघराच्या दाराआड उभी राहून बघत होती. साताऱ्याहून आलेल्या फोटोग्राफरने फोटो घेतला त्यात डाव्या कडेला ती आली. तिचा दुसरा फोटो नाही.

"आप्पा, तिथे डाग होता हो," मुलगा म्हणाला.

"डाग होता. आणि माईही होती."

तो धब्बा एवढा काळा का, हे सांगायला हवं. त्या काळी गावोगावचे बरेच फोटोग्राफर ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरत, कारण ती डार्करूमच्या लाल दिव्यात डोळ्यांनी बघत बघत धुता येते. याचं कारण असं की ती लाल रंगाला आंधळी असते. लाल वस्तू तिच्यावर काळी उमटते. माईआत्याच्या अंगावर विधवेचं लाल आलवण होतं, आणि ती दाराच्या सावलीत उभी होती. समाजाने तिला दाराआड ठेवलं, फिल्मने काळं केलं, ओल येऊन वर डाग पडला. आता उरलेलं काम नातवाच्या हातून झालं होतं.

मला विचाराल तर या सगळ्या हत्यारांत 'क्रॉप' सर्वांत धोक्याचं. 'क्लोन'ची चोरी पकडता येते. भिंतीवरचा एकच ओरखडा दोनदा दिसतो, सराईत डोळा लगेच ओळखतो. कापलेल्या कडेचा मात्र माग राहत नाही. पलीकडे काही होतं अशी शंकासुद्धा येत नाही. आणि फोटो सुधारायला बसलेले बहुतेक जण सहज तेच करतात, कारण ते सगळ्यांत सोपं.

त्या शनिवारी घरचे आप्पांना क्रॉफर्ड लेक दाखवायला घेऊन गेले. नायगारा एस्कार्पमेंटच्या कड्यावर, मिल्टनच्याच हद्दीत हे लहानसं तळं आहे. क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टर, पण खोली सुमारे 24 मीटर. इतक्या खोलीमुळे वरचं पाणी तळाच्या पाण्यात मिसळत नाही आणि तळाचा गाळ ढवळला जात नाही. दर उन्हाळ्यात चुनखडीचा फिकट थर, दर हिवाळ्यात काळपट थर, असे जोडीने शतकानुशतकं साचत आले. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी हा गाळ तपासला, तर काही थरांत मक्याचे परागकण सापडले. मका आपोआप उगवत नाही, कुणीतरी पेरावा लागतो. म्हणून आसपास शोध घेतला, आणि तळ्याजवळ काही शतकांपूर्वीच्या मूळ रहिवाशांच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. त्यांची लांबलचक घरं आता तिथे पुन्हा उभारली आहेत.

याच गाळात 1950 च्या सुमारापासून अणुचाचण्यांतलं प्लुटोनियम दिसतं. त्यावरून 2023 मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने मानवाचा नवा भूशास्त्रीय कालखंड इथूनच मोजावा असं सुचवलं होतं; मार्च 2024 मध्ये तो प्रस्ताव फेटाळला गेला. आप्पा म्हणाले, "माझ्या वयाचा कालखंड होता, थोडक्यात हुकला." सगळे हसले. मुलगा मात्र परागकणांच्या माहितीफलकापाशीच रेंगाळला होता.

घरी आल्यावर तो म्हणाला, "आप्पा, मूळ फोटो द्या. परत करतो. पण तुम्ही शेजारी बसा."

"मी काय करू? मला त्यातलं काही कळत नाही."

"तुम्ही फक्त सांगा, कुठला डाग कागदाचा आणि कुठला वाईचा."

आप्पांना हे काम चांगलंच ठाऊक होतं. "आमच्याकडे मूळ हस्तलिखित शेजारी ठेवल्याशिवाय प्रुफाला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आणि हस्तलिखितावर खूण करायची नाही. जी करायची ती प्रुफावर."

मुलाने या वेळी 600 डीपीआय ठेवलं; साडेसहा इंचांचे 3,900 ठिपके झाले. रंग 16 बिट ग्रेस्केल. साध्या 8 बिट फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 छटा मावतात, 16 बिटमध्ये 65,536. काळोखात काही शोधायचं असेल तर हा फरक कामी येतो. फाइल टिफमध्ये ठेवली, कारण त्यात सेव्ह करताना काही गळत नाही. तिचं नाव 'मूळ' ठेवलं, तिला फक्त वाचता येईल असं कुलूप लावलं, आणि काम तिच्या प्रतीवर सुरू केलं. प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या लेयरवर. चुकलं तर तेवढा लेयर बंद करायचा, खालचा फोटो जागच्या जागी.

मग आजोबा-नातू स्क्रीनला डोळे लावून बसले. फोटो शंभर टक्क्यांवर मोठा केला आणि वरच्या कोपऱ्यापासून ओळीने निघाले, प्रूफ वाचावं तसे.

"हा पांढरा ठिपका?"

"धूळ. काढ."

"ही रेघ?"

"घडी. काढ. पण आईच्या चेहऱ्यावरून जाते तिथे हळू, नाक हलेल."

"भिंतीवरचा हा डाग?"

"तो नाही काढायचा. तिथे समई लागायची, काजळी आहे ती."

"तुमच्या गालावर काहीतरी आहे."

"वरण," आप्पा म्हणाले. "राहू दे."

'हील' आणि 'क्लोन' यांतला फरक मुलाला खरा कळला तो त्या रात्री. 'क्लोन' शेजारचा तुकडा जसाच्या तसा उचलून ठेवतं. 'हील' तुकडा आणतं पण उजेड-सावली त्या जागेची धरतं. भिंतीवरच्या रेघेला 'हील' बरं पडलं. ताटाच्या कडेशी ते उजेड आणि काळोख कालवून टाकत होतं, तिथे बारीक 'क्लोन' लागलं.

डाव्या कडेला 'क्रॉप' केलं नाही. तिथे मुलाने 'कर्व्हज' उघडलं. तिरप्या रेषेचं काळोखाकडचं टोक बोटभर वर उचललं की गडद छटा उजळतात, बाकीच्या फारशा हलत नाहीत. पण साऱ्या फोटोवर ते चालवलं तर फोटो फिका पडला. म्हणून लेयरला मास्क लावला आणि फक्त दाराच्या जागी पांढऱ्या ब्रशने वाट करून दिली. तपकिरी डागाखालून आधी चौकट दिसली. मग चौकटीला धरलेली चार बोटं. मनगट मोकळं, बांगडी नाही. वर डोक्यावरून ओढलेल्या पदराची कड. चेहरा असायला हवा तिथे नुसता काळोख. मुलाने रेषा आणखी उचलली, तर करडे दाणे वर आले, बाकी काही नाही. फिल्मवर उमटलेलं एवढंच होतं.

"आत्या बुटकी होती," आप्पा म्हणाले. "हात तिचाच."

तेवढ्यात मुलाची मोठी बहीण आली. तिच्याकडे कॉलेजचं फोटोशॉप होतं. "आप्पा, चेहरा करून देऊ?" तिने विचारलं. "एआयला नुसतं सांगायचं, म्हातारी विधवा, वाई, 1958. मिनिटात येईल."

"येईल गं," आप्पा म्हणाले. "पण ती कुणाची आत्या असेल?"

बहिणीने मुलाकडे पाहिलं. त्याने फाइल सेव्ह करून लॅपटॉप मिटला.

पंचाहत्तरीच्या दिवशी हॉलच्या दाराशी जो फोटो लागला, त्यात आप्पांच्या गालाला वरण होतं, भिंतीला काजळी होती आणि डाव्या बाजूला चौकट धरलेला हात. लोक बटूकडे बघून हसत आणि मग हाताशी थबकत. "हा कुणाचा?" असं जो तो विचारी, आणि आप्पा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत. ओवाळायला त्यामुळे उशीर झाला, दोनदा दिवे विझले, सून वैतागली. खाली नाव छापावं असं बाबांनी सुचवलं होतं. आप्पांनी 'गंगाभागीरथी', 'श्रीमती' असलं काही न लावता नुसतं 'माईआत्या' छापायला सांगितलं.

नंतर पुण्या-वाईहून फोटो मागणारे नातेवाइकांचे निरोप आले. मुलाने सगळ्यांना दोन फाइली पाठवल्या, एक दुरुस्त केलेली आणि एक डागांसकट मूळ. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर तो आकसतो, त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून पाठवल्या. सोबत एक ओळ लिहिली, आणि हा फोटो पुढे कुणाच्या हाती पडला तर त्यांनाही ती लागू आहे: कृपा करून हा डीपीला लावू नका, गोलात डावी कड कापली जाते.