सैल लगाम

कठोपनिषदातलं रथाचं रूपक आमच्या खजुरी गावात प्रवचनाला आलेल्या किती महाराजांकडून ऐकलं असेल! शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे, आणि आत बसलेला तो आत्मा. पुढचा उपदेशही ठरलेला : लगाम आवळा. मला तो अपुरा वाटतो. का, ते टेक्सासात लेकीकडे गेले तेव्हा उमगलं.

साठी उलटल्यावर तिथे मी घोड्यावर बसायला शिकले. वेस्टर्न रायडिंग म्हणतात. गुरं राखणाऱ्यांची ही बैठक, मूळ स्पेनची, मेक्सिकोतून वर आलेली. एक हात दोरासाठी मोकळा हवा, म्हणून लगाम एकाच हातात; खोगिराला पुढे खुंटा, दोर अडकवायला. इंग्लिश पद्धतीत दोन्ही हातांनी घोड्याच्या तोंडाशी हलका ताण सतत राखतात. इथे लगाम लोंबता असतो. उजवा लगाम मानेला नुसता टेकवला की शिकलेला घोडा डावीकडे वळतो. थांबवायचं तर आपण श्वास सोडून खोल बसायचं, 'व्हो' म्हणायचं. हाताचं काम सगळ्यात शेवटी.

शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातीला लगाम माझ्या हाती दिलाच नाही. त्या मध्ये उभ्या, लांब दोरीवर घोडी गोल फिरतेय, माझे हात मांडीवर. त्यांचं म्हणणं, ज्याला तोल नाही तो लगामाला लटकतो, आणि त्याचं सगळं वजन कडियाळ्यातून घोडीच्या तोंडात जातं. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मी विसरणं शक्य नाही. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणाने शिकतो. टाच लावली, घोडीने पाऊल उचललं, की टाच तिथेच सैल. दाब तसाच ठेवला तर आपलं काय बरोबर झालं हे तिला कळणार कसं?

मग उपनिषद पुन्हा वाचलं. तिथे दुष्ट घोडे आहेत तसे चांगलेही आहेत, आणि फरक घोड्यांच्या जातीत नाही. सारथी जाणता असेल तर घोडे त्याचे होतात. म्हणजे संयमाचा प्रश्न आधी सारथ्याला विचारायचा. आमच्याकडे पोरांना दटावून एकादशीला उपाशी ठेवत. मोठेपणी त्यातल्या बहुतेकांनी उपास सोडला. दाब होता, सुटका कधी नव्हती. व्रत करणाऱ्याला व्रतातला मोकळेपणा कधी चाखायलाच मिळाला नाही, तर त्याच्या हाती उरते ती फक्त ओढाताण.

श्रद्धा ओढून आणता येते का, याचा एक दाखला आमच्याच मुलखातून गेला आहे, तोही घोड्यासकट. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन दख्खनेत आला. जुन्नरच्या खानाने घोडा जप्त केला आणि अट घातली : मुसलमान हो, घोडा परत घे, वर हजार मोहरा. मुदत चार दिवस. एका खुरासानी मुसलमानाने रदबदली केली म्हणून धर्म न सोडता त्याला घोडा परत मिळाला. पुढे तो बिदरला आला. बिदरपासून काही अंतरावर शेख अलाउद्दीनच्या स्थानी भरणाऱ्या जत्रेचं त्याने लिहिलं आहे : दहा दिवसांचा बाजार, विकायला वीस हजारांपर्यंत घोडे. अभ्यासक ते ठिकाण म्हणजे आमच्या तालुक्याचं आळंद मानतात.

त्याची धर्मपुस्तकं वाटेतच व्होल्गेवर लुटली गेली होती. ईस्टर कधी, उपासाचे दिवस कोणते, सांगणारं कुणी नाही. तेव्हा तो अंदाजाने सण धरी. भोवतालचे मुसलमान रोजे ठेवत, त्यांच्यासोबत त्यानेही महिनाभर मांस, दूध वर्ज्य केलं आणि रोटी-पाण्यावर राहिला. त्याच्या देवाच्या वतीने विचारणारं तिथे कुणी नव्हतं.