मोहरी आणि गाथा

किसा गोतमीची कथा सामान्यतः एका विधानापर्यंत आणून सोडली जाते : मृत्यू सर्वांनाच आहे, तेव्हा शोक व्यर्थ होय. विधान खरे असले, तरी सांत्वन म्हणून ते अपुरेच. शेजारचे मूल मेल्याने आपले मूल गेल्याची हानी उणावत नाही. कथेतील बुद्धालाही हे ठाऊक असावे; कारण तो उपदेशाने आरंभ करीत नाही. ज्या घरी कोणी मेलेले नाही अशा घरची मोहरी आण, एवढेच सांगतो. मोहरी द्यायला श्रावस्तीतले प्रत्येक घर तयार असते. अट मात्र कोणालाच पुरी करता येत नाही. मृत बाळ कडेवर घेऊन औषध मागायला निघालेली ही आई दारोदार इतरांचे मृत्यू ऐकत जाते आणि शेवटी ते बाळ स्वतःच खाली ठेवते. शोकाचे खंडन न करता कथेने त्याला सोबत मिळवून दिली आहे.

मात्र ही मोहरी येते ती अट्ठकथांत. थेरीगाथेत किसा गोतमीच्या नावावर असलेल्या गाथांत मोहरीचा उल्लेखही नाही. तेथे आहे ते स्त्रीजन्माचे दुःख : सवतीपण, प्रसूतीतले मरण, वाटेत मेलेला नवरा, एकाच चितेवर जळणारे आई, बाप आणि भाऊ. (यांतील काही तपशील अट्ठकथा पटाचारेच्या चरित्रात घालते, हा गुंता अभ्यासकांना परिचित आहे.) अट्ठकथाकार मरणाला सार्वत्रिक करून शोक शमवतो, गाथा मात्र दुःखाचा एकेक तपशील तसाच राखते आणि तरीही निर्वाणापर्यंत पोचते.