नाताळला घरी यावे की येऊ नये?



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या मोताळ्याच्या एसटी स्टँडवर ओळखीचे चेहरे दिसू लागतात. पुण्याला, मुंबईला, सुरतेला कामाला गेलेली मुले मलकापूरला रेल्वेतून उतरतात आणि मिळेल त्या गाडीने गाव गाठतात. घरी कापसाचा वेचा चाललेला असतो. तरीही आई रात्री जागून करंज्या तळते. वर्षातून एकदाच सगळे घर एका ताटाभोवती बसते. आपल्यासारख्या विखुरलेल्या कुटुंबांना नाताळ म्हणजे घर पुन्हा घर होण्याचा दिवस वाटतो.

म्हणूनच २०२० सालचा नाताळ आपण विसरू शकत नाही. मार्च महिन्याच्या अखेरीस आपल्या बुलढाण्यात करोनाचा पहिला मृत्यू झाला आणि दूरच्या देशांतली वाटणारी साथ दाराशी आली. मंदिरे, मशिदी, चर्च सगळे बंद झाले. राज्यात प्रार्थनास्थळे उघडली ती १६ नोव्हेंबरला. डिसेंबरमध्ये देशातील रुग्णांची संख्या १ कोटीच्या पुढे गेली. नाताळसाठी शासनाचे नियम आले : चर्चमध्ये ५० पेक्षा जास्त लोक नकोत, साठीच्या पुढच्यांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी घरीच थांबावे. रोममध्येही पोप फ्रान्सिस यांनी नाताळच्या पूर्वसंध्येची मिस्सा नेहमीपेक्षा दोन तास आधी, मोजक्याच लोकांसह अर्पण केली.

चर्चचे नियम शासनाने आणि ख्रिस्तसभेने ठरवून दिले. पण घराचे काय? पुण्याच्या मुलाने यावे की नाही, हे कोण ठरवणार? त्या दिवसांत घराघरांत हाच प्रश्न होता आणि तो सोपा नव्हता.

आपल्यातीलच दोन घरांची गोष्ट आम्ही सांगतो. नावांची गरज नाही. पहिल्या घरात मुलगा आला. आईनेच फोनवर रडून बोलावले होते. चार दिवस आनंदात गेले. पुढे आई आजारी पडली आणि गेली. संसर्ग कोणाकडून झाला, हे कोणीही सांगू शकत नाही. बाजारात झाला असेल, दवाखान्यात झाला असेल. पण बहिणीने भावाला बोल लावला आणि त्या घरात दोघांचे बोलणे तुटले. दुसऱ्या घरात मुलगा आला नाही. "पुढच्या वर्षी येतो, बाबा," असे तो म्हणाला. पुढचा नाताळ बाबांनी पाहिलाच नाही, आणि ते गेले तेही करोनाने नव्हे. तो मुलगा आजही म्हणतो, "मी यायला हवे होते."

एक आला म्हणून दुःखी, दुसरा आला नाही म्हणून दुःखी. मग चूक कोणाची?

बंधुभगिनींनो, आपण माणसे एखादा निर्णय त्याच्या परिणामावरून तोलतो. परिणाम चांगला झाला की निर्णय शहाणा, वाईट झाला की तोच निर्णय पाप. पण उद्या काय होणार हे त्या दिवशी कोणाला दिसत होते? लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला, म्हणजे नाताळनंतर तीनच आठवड्यांनी सुरू झाले. पुढे फेब्रुवारीत दुसऱ्या लाटेचे चटके आपल्या अमरावती विभागाला आधी बसले. आज हे सारे ठाऊक असल्याने शहाणपण सांगणे सोपे आहे. परमेश्वर मात्र अंतःकरण पाहतो. त्या वेळी जे कळत होते, त्यावर आपण प्रेमाने आणि प्रामाणिकपणे विचार केला का, एवढेच तो विचारील असा आमचा विश्वास आहे.

प्रामाणिकपणे विचार करणे म्हणजे काय? आम्हाला तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट अशी की, आपल्या धाडसाची किंमत कोण मोजणार हे पाहावे. तरुण मुलगा म्हणतो, "मला काही होत नाही." ते खरे असेलही. पण धोका त्याचा नसतो, खाटेवरच्या आजीचा असतो. शेजारच्याचा असतो, ज्याला कोणी विचारलेलेच नसते. स्वतःचा जीव पणाला लावणे कधी कधी थोर असते; दुसऱ्याचा जीव त्याला न विचारता पणाला लावणे थोर नव्हे.

दुसरी गोष्ट, "देव सांभाळील" या शब्दाचा गैरवापर करू नये. सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या कड्यावरून उडी टाकायला सांगितले, देवदूत झेलतील म्हणाला. प्रभूने नकार दिला, कारण देवाची परीक्षा पाहणे हा विश्वास नाही. आणि संत योसेफाकडे पाहा. हेरोदाचा धोका स्वप्नात कळताच तो बाळाला आणि मरियेला घेऊन रात्रीच निघाला. बाळ देवाचा पुत्र आहे, त्याला काय होणार, असे म्हणून तो बसून राहिला नाही. सावध राहणे हीही त्याची श्रद्धाच होती.

तिसरी गोष्ट आपण सहज विसरतो. एकटेपणा हाही आजारच आहे. ज्या म्हाताऱ्या माणसाला कदाचित शेवटचाच नाताळ मिळणार आहे, त्याला चार भिंतींत कोंडून "तुझ्या भल्यासाठीच" म्हणणे, हेही पूर्ण प्रेम नव्हे. त्याचे मत विचारायला हवे. ते आपले आई-वडील आहेत, जपून ठेवायची भांडी नव्हेत.

मग मार्ग कोणता? इतिहासात तो सापडतो. १५७६ साली मिलान शहरात प्लेग आला, तेव्हा आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांनी चौकाचौकांत वेदी उभारून मिस्सा अर्पण केली. घरात अडकलेल्या लोकांनी खिडकीतून ती पाहिली. त्यांनी गर्दी टाळली, पण लोकांना सोडले नाही. आजाऱ्यांच्या भेटीला ते स्वतः जात राहिले. आपल्या महाराष्ट्रात १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची सेवा केली आणि त्याच साथीत १० मार्चला देह ठेवला. इथे भेद नीट ओळखावा. सेवेसाठी जवळ जाणे वेगळे, आणि केवळ रीत मोडू नये म्हणून जमणे वेगळे. रुग्णाला पाणी द्यायला कोणी नसेल, तर दाराबाहेर उभे राहून नियम सांगणारा ख्रिस्ती नव्हे. पण पंगत मोठी व्हावी म्हणून आजीला धोक्यात घालणाराही नव्हे.

त्या वर्षी कित्येकांनी असाच मार्ग काढला. कोणी अंगणात लांब लांब बसून जेवले. कोणी फराळाचा डबा दारात ठेवून रस्त्यावरूनच आजीशी बोलले. मिस्सा चुकली म्हणून ज्यांचे मन खात होते, त्यांनी हे लक्षात ठेवावे : आजारपण किंवा तसे गंभीर कारण असेल तेव्हा ख्रिस्तसभेची शिकवण आपल्याला त्या बंधनातून मोकळे करते, आणि घरात कुटुंबाने केलेली प्रार्थना प्रभू ऐकतो. पहिला नाताळ तरी कुठे घरी झाला? आप्त नव्हते, पंगत नव्हती, उतारशाळेत जागा नव्हती. तरीही तो अपुरा नव्हता.

साथ आता मागे पडली. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण काही घरांतला अबोला अजून संपलेला नाही. मुखपट्टी उतरली, अंतर राहिले. त्या भावाला आणि त्या बहिणीला आम्ही एवढेच सांगू : आईने मुलाला बोलावले ते प्रेमाने, मुलगा आला तो प्रेमाने, आणि मुलगी रागावली तीही आईवरच्या प्रेमानेच. तिघांच्या प्रेमातून वैर उरावे, हे त्या आईला आवडेल का?

या आगमनकाळात गव्हाणी मांडण्याआधी असा एक फोन आपण करू या. "तू त्या वेळी का आलास?" किंवा "का आला नाहीस?" हे न विचारता, "या वर्षी ये," एवढेच म्हणू या. आणि पुन्हा कधी तशी वेळ आली, तर न येणाऱ्याला निष्ठुर आणि येणाऱ्याला पापी म्हणण्याआधी आपण थोडे थांबू या.

बाळ येशू आपल्या घरांतले अंतर मिटवो, आणि जे त्या साथीत आपल्याला सोडून गेले त्यांना चिरशांती देवो. आमेन.