सोमरस आणि सुजातेची खीर



मागील पौर्णिमेला मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मी मनोरीला गेलो होतो. तेथील एका नवदीक्षित कुटुंबात वंदना झाली, सर्वांनी पंचशील घेतले. चहा घेताना त्या घरातील तरुण मुलगा मला म्हणाला, "गुरुजी, ऋषी सोमरस पिऊन देव पाहत होते म्हणतात. साधू गांजा ओढून समाधी लावतात. मग आपल्या बुद्धांनी काय पिऊन ज्ञान मिळविले?"

त्याचे वडील रागावले. मी म्हणालो, "रागावू नका. विचारल्याशिवाय धम्म कळत नाही." त्या दिवशी बोट गाठायची घाई होती, म्हणून उत्तर अर्धवट राहिले. ते आज आपणा सर्वांसाठी लिहीत आहे.

प्रथम सोम म्हणजे काय ते पाहू. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात 114 सूक्ते आहेत आणि ती सोमालाच वाहिलेली आहेत. ही वनस्पती दगडांनी कुटीत, रस मेंढीच्या लोकरीतून गाळीत आणि दूध, दही किंवा जवाचे पीठ मिसळून पीत. तो प्यायल्यावर आपण प्रकाशाला पोचलो, अमर झालो, असे ऋषींना वाटे. ते खोटे बोलत होते असे आपण म्हणू नये. काही वनस्पतींनी मन खरोखर बदलते. प्राचीन मेक्सिकोतही धर्मविधींत विशिष्ट आळंबी खात असत.

पण ही वनस्पती कोणती, हे आज कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. इराणी लोकांत तिलाच हओम म्हणत, आणि पारशी बांधव आजही आपल्या विधीत एफेड्रा नावाच्या झुडपाच्या काड्या वापरतात. अमेरिकन संशोधक वॉसन यांनी 1968 साली सोम म्हणजे लाल आळंबी असे मत मांडले. ब्राह्मणग्रंथांच्या काळातच सोम मिळेनासा झाला तर पूतिका वापरा, अशी सोय करावी लागली होती. पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकविणारे जर्मन पंडित मार्टिन हौग यांनी याज्ञिकांकडचा सोमरस स्वतः चाखला आणि 1863 साली मुंबईत छापलेल्या आपल्या ग्रंथात तो अनुभव लिहिला. रस कडू व तुरट होता, थोडी नशा आणणारा होता, आणि काही चमच्यांपलीकडे तो त्यांच्याने पिववला नाही. पुण्याच्या डोंगरांवरची ती वनस्पती मूळ सोम नव्हेच, असे त्यांचे मत होते.

बांधवांनो, यातून काय शिकायचे? जी मुक्ती वनस्पतीवर अवलंबून, ती वनस्पतीबरोबरच हरवते. शिवाय ती कोणाला मिळत होती? यज्ञाचा अधिकार शूद्राला नव्हता. सोम विकणाऱ्याला तर मोबदला दाखवून मग मारून हाकलायचे, असा विधीच श्रौतसूत्रांत आहे. ज्याच्या हातून अमृत घ्यायचे त्यालाच मार! आपल्या वाडवडिलांना हा न्याय नवीन नाही.

आता तथागतांकडे वळू. सिद्धार्थ गौतमांनी सहा वर्षे उपास करून शरीर झिजविले. त्याने ज्ञान मिळत नाही हे समजल्यावर त्यांनी सुजातेने दिलेली खीर खाल्ली आणि ते पिंपळाखाली बसले. दूध, तांदूळ, मोकळा श्वास आणि जागे मन, एवढीच त्यांची सामग्री होती. पुढे कूटदंत नावाचा ब्राह्मण शेकडो पशू बांधून मोठा यज्ञ करायला निघाला, तेव्हा भगवंतांनी त्याला त्याहून श्रेष्ठ यज्ञ सांगितले: दान, त्रिशरण, पंचशील आणि ध्यान. त्याने सर्व पशू सोडून दिले.

आपल्या संघातही चूक घडली होती, ती झाकू नये. सागत नावाच्या भिक्खूने भयंकर नाग वश केला म्हणून कोसंबीच्या उपासकांनी घरोघरी त्याला दारू पाजली. तो वेशीत पडला. भिक्खूंनी उचलून आणून त्याचे डोके भगवंतांच्या पायांकडे ठेवले, तर शुद्ध नसलेल्या सागताने वळून भगवंतांकडेच पाय केले. "पूर्वी हा आदर राखीत होता ना?" असे विचारून भगवंतांनी भिक्खूंना मद्य वर्ज्य केले. नशेत मनुष्याला मोठेपणाचा भास होतो आणि माणुसकी मात्र सुटते.

म्हणून 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ताडी-माडी घेतल्यावर भगताच्या अंगात येते, आणि त्या रात्री त्याच्या घरी चूल पेटत नाही, हे आपण पाहिले आहे. गांजाही तसाच. 1985 च्या कायद्याने तो बाळगणे हा गुन्हा आहे, पण कायद्याच्या आधी आपल्या शीलाने तो नाकारला पाहिजे. कोणताही अनुभव पारखायची कसोटी एकच: त्याने लोभ, द्वेष आणि मोह कमी झाला का? सकाळी उठल्यावर बायको-मुलांशी आपण अधिक मायेने वागलो का?

मनोरीच्या शेजारी गोराईला जागतिक विपश्यना पॅगोडा उभा आहे. 8 फेब्रुवारी 2009 रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या घुमटाखाली 8,000 माणसे एकत्र ध्यानाला बसू शकतात. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात प्रथम पंचशील घ्यावे लागते, आणि तेथे शुल्क नाही, जात विचारली जात नाही. तेवढी सवड नसेल तर रोज संध्याकाळी वंदनेनंतर मुलांना जवळ घेऊन दहा मिनिटे शांत बसा, आत येणारा व बाहेर जाणारा श्वास पाहा.

त्या तरुणाला माझे उत्तर असे: बाळ, बुद्धांनी खीर खाल्ली आणि ते जागे राहिले. सोम हरवला. तुझा श्वास तुझ्याजवळ आहे, आणि तो घेण्यासाठी कोणाचा अधिकार मागावा लागत नाही.

सर्वांचे मंगल होवो.