रात्रीचा सूर आणि सोबत

संगीत जायज की नाजायज, हा वाद आमच्याकडे शेकडो वर्षे चालला आहे. तो इथे मिटवायचा नाही. आम्हाला छळतो तो त्याच्या शेजारचा सवाल. रात्री उशिरा, दिवे मालवल्यावर अमेरिकेतल्या काळ्या माणसांचे ब्लूज किंवा संथ जॅझ ऐकताना मन निवते. दुसऱ्याच्या दुःखातून आम्हाला हे सुकून का मिळावे, आणि ते घेण्याचा आमचा हक्क काय?

ब्लूज हे गुलामांच्या मुला-नातवंडांचे गाणे. पश्चिम आफ्रिकेतून धरून नेलेल्या त्या गुलामांत मुसलमानही होते. लांबवलेल्या, हेलकावणाऱ्या त्या सुरात अजानचा आणि कुराणपठणाचा अंश उरला असावा, असे सिल्व्हियान दियूफ या इतिहासकार बाई मांडतात. सिद्ध करणे कठीण; पण कान टवकारतात हे खरे.

युसेफ लतीफ (1920-2013) यांनी तरुणपणी इस्लाम स्वीकारला. 1961 च्या ‘ईस्टर्न साउंड्स’मध्ये ते ओबो वाजवतात. हे वाद्य आमच्या सनईच्या कुळातले, आणि एकेक सूर असा सावकाश येतो की मधली शांतताही ऐकू यावी. ‘जॅझ’ हा शब्द त्यांना पसंत नव्हता. 1980 साली त्यांनी जाहीर केले, की जिथे दारू मिळते तिथे वाजवणार नाही. ज्या संगीताची रोजी क्लबांवर चालते, त्यात ही साधी गोष्ट नव्हे.

समाच्या जुन्या तीन अटी इथे आठवतात: जमान, मकान, इख्वान. वेळ, जागा आणि सोबती. इमाम गझालींनी त्या नोंदवल्या आहेत. खुलताबादला विसावलेले बुऱ्हाणुद्दीन गरीब तर समाचे वेडे. पण त्यांचा समा मजलिशीत, सोबत्यांमध्ये रंगे. लतीफ यांनी मकान सांभाळले. आम्ही? कानात हेडफोन, कूस वळलेली, आणि झोपेच्या गोळीसारखे ब्लूज.

दुःख सुरात बसले की सोसवते, हे मर्सिया ऐकणाऱ्याला सांगायला नको. मात्र मर्सिया ऐकणारा हुसैनचे नाव विसरत नाही. ब्लूजमधला माणूस आम्ही पुसून टाकतो आणि नुसता सूर ठेवतो.

मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात कैद्यांनी राबताना म्हटलेली गाणी अॅलन लोमॅक्स यांनी 1947-48 मध्ये ध्वनिमुद्रित केली. गाणारे बहुतेक टोपणनावांनीच ओळखले जातात: कुणी ‘बामा’, कुणी ‘टँगल आय’, कुणी नुसता ‘22’. तालावर कुऱ्हाडी पडतात. निजताना ऐकण्यासारखी ती गाणी नाहीत. तरी यापुढे आधी ती लावायची आणि मग लतीफ यांचा ओबो, असे आम्ही ठरवले आहे.